एकाच ॲम्पवर दोन बास

आबा, बास गिटार आणि माणसाएवढा उंच उभा बास, या दोन वाद्यांसाठी तुम्ही जन्मभर ॲम्पची एकच वायर का वापरलीत? एकातून काढायची, दुसऱ्यात खुपसायची, मधे कसलाही डबा लावायचा नाही. ते तत्त्व होतं, की त्या काळी जळगावात दुसरं काही मिळत नव्हतं? तुम्ही होता तेव्हा मी विचारलं नाही, आणि तुम्ही गेल्याला आठ वर्षं झाली तरी याचं उत्तर मला देता येत नाही. मी मात्र ते तत्त्वच धरून चालले होते.

आपल्या पत्र्याच्या घरात उभा बास फक्त स्वयंपाकघरात मावायचा, कारण छत तिथेच उंच. तुम्ही ओट्याशेजारी उभे राहून वाजवताय, आई तुम्हाला वळसा घालून भाकरी तव्यावर टाकते आहे आणि मी दप्तर मांडीवर घेऊन बघते आहे. जलद गाण्यांना बास गिटार, संथ गाण्यांना उभा, हे मी तिथेच शिकले. दहावीत असताना धुळ्याच्या जयंतीच्या कार्यक्रमात तुम्ही पहिल्यांदा वायर बदलायचं काम माझ्याकडे दिलंत, आणि मी आवाज न उतरवताच ती ओढली. ॲम्पमधून असा दणका निघाला की पुढच्या रांगेतलं तान्हं मूल रडायला लागलं. तुम्ही पुढचं गाणं सुरू केलंत. एसटी स्टँडवर चहा पिताना म्हणालात, "आधी आवाज उतरवायचा. समोर माणसं बसलेली असतात." एवढंच. ते मला इतकं लागलं की पुढे आपल्या गायन पार्टीत तुमच्या जागी उभी राहिले, घरातली पहिली पदवी घेतली, तरी वायर तुमच्यासारखीच बदलत राहिले.

पण तुमच्या हाताची सफाई माझ्याकडे नव्हती. उभ्या बासचा आवाज बारीक येतो म्हणून ॲम्प वाढवायचा, गिटार लावताना आठवणीने उतरवायचा. तोवर तुमचे दोस्त नाना, म्हणजे आपल्या पार्टीचे गायक, माइकवर बोलून वेळ काढणार. या वर्षी जळगावात आधी उभा बास ॲम्पचाच आवाज पकडून नुसता घुमत राहिला, मग मी आवाज उतरवायचं विसरले आणि गिटारच्या पहिल्याच सुराने नानांचं गाणं बुडवलं. नाना रागावले नाहीत. थकल्यासारखे म्हणाले, "बेटा, तू वायर बदलस तवलोंग मी काय बोलू? मनं बठ्ठं बोलीसन व्हई गयं. धुयाले मोठा बास घरीच ऱ्हाऊ दे."

नानांचं सगळं बोलून संपलं होतं, आणि धुळ्याला उभा बास एकदा घरी राहिला की तो पुन्हा स्टेजवर येणार नाही, हे मला कळत होतं. मी नानांकडे फक्त धुळ्याच्या कार्यक्रमापुरती एक शेवटची संधी मागून घेतली.

मग रेडिओ दुरुस्त करणाऱ्या काकांकडे चार रविवार बसून एक डबा बनवला. दोन्ही बासना वेगळी वायर, वेगळा आवाज, उभ्याला थोडी जास्त ताकद, आणि एक बंद करून दुसरा सुरू करणारं पायाचं बटण. उभ्याच्या पोटावरच्या दोन्ही फटींत आईच्या जुन्या लुगड्याचे बोळे कोंबले, म्हणजे तो घुमणार नाही. आबांना हे चाललं असतं का, असं आईला विचारलं. ती म्हणाली, "त्यांना शर्टाला इस्त्री करायचा कंटाळा आला तरी ते त्याला तत्त्व म्हणायचे. तू कर तुझं."

धुळ्यात तिसरं गाणं संपलं आणि नानांनी सवयीने बोलायला सुरुवात केली. मी गिटार स्टँडवर ठेवली, बटण दाबलं. दणका नाही, काही नाही. नानांनी वळून पाहिलं तर मी उभ्या बासला धरून तयार. त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. "व्हई बी गयं?" त्यांनी माइकमध्येच विचारलं. लोक हसले आणि ते हसत हसतच गायला लागले. बासचा आवाज मांडवाच्या टोकापर्यंत स्वच्छ जात होता. मला इतकं हलकं वाटलं की दुसऱ्या कडव्यात मी चक्क डोळे मिटले.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, वहीतच राहील. म्हणून खरं सांगते, त्या गाण्यात मला तुमची आठवण आली नाही. संपल्यावर ते लक्षात आलं, तेव्हा आता वाईट वाटेल म्हणून मी थांबले. वाटलं नाही. नाना दर कार्यक्रमात "आबांच्या जागी त्यांची पोरगी" अशी माझी ओळख करून देतात. परवा असोद्याला निघताना मी त्यांना सांगितलं, नाना, यापुढे माझं नाव घ्या. त्यांनी घेतलं.