छातीची पट्टी

२१ ऑक्टोबर २०१२

'हृत्स्पंदन-परीक्षण महाशिबिर' — केवढा सुबक फलक मी लिहून दिला होता! देवाजीनं दोनदा वाचला, टायरवर टेकवला आणि म्हणाला, "एवढं वाचतवरी गडी मरून जाईन जी!"

बोलणारा स्वतः बाप. गेल्या दिवाळीनंतरच्या मंडईत, म्हणजे गावजत्रेत, याचाच थोरला, लोकेश, कबड्डीच्या मैदानात चढाईला गेला, मधल्या रेषेपाशी वाकला आणि उठलाच नाही. ताप नाही, दुखणं नाही. गावानं आपापल्या परीनं कारणं लावली — नजर, करणी, रिकामं पोट. मी पेपरात बातमी दिली. ती वाचून नागपूरहून डॉक्टर रचनाताईंचा फोन आला, तेव्हा कळलं की तरण्या पोराचं हृदयही न सांगता थांबतं. आणि कधी कधी आधी ईसीजीची पट्टी काढली तर त्यावर ते दिसतं.

शेवटी फलकावर राहिलं: 'छातीची पट्टी काढा. फुकट.' संस्कृत पाठशाळेतली माझी सगळी वर्षं कोहमाऱ्याच्या चौकात, पंक्चरच्या दुकानात पुसली गेली. फलक मात्र लांबून वाचता येतो — हे कबूल!

२५ ऑक्टोबर

यंदाच्या मंडईची स्पर्धा लोकेशच्या नावानं. देवाजीची एकच अट — पट्टी नाही, तर मैदान नाही. सगळ्या संघांनी माना डोलावल्या. मग एकानं हळूच विचारलं, "बाहेरचा गडी आणला तं त्याची बी काढाची का जी?"

हसू दाबलं. हे आमचं खास शास्त्र! प्रत्येक गाव एखादा तगडा बाहेरचा गडी आणतं आणि आपल्याच कुण्या पोराच्या नावानं उतरवतं. पंचांना माहीत, समोरच्यांना माहीत, मलाही माहीत. बातमीत मी निमूटपणे उसनंच नाव छापतो. गेल्या साली देवरीचा एक पठ्ठ्या दोन गावांकडून दोन नावांनी खेळला, आणि उपांत्य फेरीत त्याला स्वतःविरुद्धच उतरावं लागतं की काय अशी पाळी आली!

आमच्या सौ., नंदाबाईच्या, मनगटावर गजकर्ण उठलं आहे. मी म्हटलं, "याला दद्रु म्हणतात." ती म्हणाली, "नाव नका सांगू, औषध सांगा."

२ नोव्हेंबर

ऑटोवर भोंगा बांधून गावोगाव फिरलो. माझा आवाज म्हणे कीर्तनकारासारखा आहे, म्हणून लोक पैसे टाकायला येतात आणि ईसीजी ऐकून परत जातात.

अफवा अशी की मशीन करंट देते. आमचा भूपेंद्र — बहिणीचा मुलगा, कॉलेजसाठी आमच्याकडे असतो, गावच्या संघाचा उजवा कोपरा — मैदानात चार जणांना अंगावर घेतो. चिमट्यांचं नाव काढलं की घाम फुटतो.

"मामाजी, पायाले बी लावते म्हणतात चिमटा?"
"लावतात."
"आन् बाईच लावते?"
"बाईच."
"मंग शर्ट?"
"तो काढावा लागतो."
त्यानं ताट सारलं. मामी म्हणते, या मशीननं भातही वाचतो.

रचनाताईंचा फोन. संशोधनासाठी त्या वर्षभर अर्ज करताहेत. वरून उत्तर येतं — अशी किती पोरं जातात, आकडे आणा. मोजणार कोण? गावात 'झटका आला' म्हणायचं आणि तेरवी करायची. मोजल्याशिवाय पैसा नाही, पैशाशिवाय मोजणं नाही. या चक्राला न्यायशास्त्रात फार छान नाव आहे. सांगणार होतो. आवरलं.

४ नोव्हेंबर

शिबिर! शाळेची एक खोली, मध्ये पडदा. गोंदियाहून टीना मॅडम मशीन घेऊन आल्या. दारात मी, चिठ्ठीवर नाव लिहून आत पाठवायला. पडद्यामागे देवाजीचा धाकटा संघदीप — छातीला जेली लावायला आणि उठलेल्याला मागच्या दारानं बाहेर काढायला. तो हल्ली खेळत नाही. लोकेशनंतर आईनं, कलाबाईनं, त्याचं मैदान बंद केलं.

"शरमाना नहीं भैया, सीधा लेटो!" — टीना मॅडमचा आवाज बाहेरपर्यंत. पोरं बाहेर आली ती एकमेकांच्या छात्या बघत. मशीनच्या रबरी वाट्या कातडी ओढून धरतात, त्यांचे लाल गोल वळ. बिसराम तर अभिमानानं शर्ट उघडा टाकून चौकभर फिरला.

भूपेंद्र गेला आणि चटकन बाहेर दिसला. "झालं?" "झालं ना जी!" शूर!

रचनाताईंनी बजावलं होतं, लोकेशच्या भावाचीही काढा, हे कधी कधी घराण्यात असतं. शेवटी संघदीपचीच राहिली होती, तेवढ्यात विजेची लाईन गेली. देवाजी म्हणाला, "तो कुठं खेळून राहिला जी? मंडई होऊ द्या, मंग नेतो गोंदियाले."

दिवस छान गेला. देवाजी जाताना म्हणाला, "ट्यूब पाण्यात बुडवल्याबिगर मी गिऱ्हाइकाले देत नाही."

११ नोव्हेंबर

रचनाताईंनी सकाळीच फोन केला. आवाजात घाई. तीन पट्ट्या वाईट. नावं — केवळराम, आणखी एक खालच्या आळीतला, आणि भूपेंद्र.

मी खुर्ची शोधली.

"तिन्ही अगदी एकसारख्या आहेत. नात्यातले आहेत का?"
"नाही हो. तीन जाती, तीन आळ्या."
"मग हे फारच विलक्षण आहे! एका गावात तीन! असं असेल तर माझा अर्ज कोणी परत पाठवणार नाही." मग हळू आवाजात — "त्यांना पळू देऊ नका. याच्यात हृदय झोपेतही थांबतं."

रात्री भूपेंद्र घोरत होता. एरवी मी त्या घोरण्यावर श्लोक रचतो. आज उशाशी बसून ते ऐकलं. थांबलं की त्याच्या नाकाशी बोट धरलं, सुरू झालं की काढलं. नंदाबाई दारात उभी होती, तीही तेच करायला आलेली.

देवाजीला इतकंच सांगितलं की पट्ट्यांचा थोडा घोळ आहे, पुन्हा काढतो.

१२ नोव्हेंबर

तिघांना गोंदियाला नेलं. पुन्हा पट्टी. तिन्ही स्वच्छ! वरून सोनोग्राफी, तीही स्वच्छ. तिथले डॉक्टर म्हणाले, बैलासारखी हृदयं आहेत.

नंदाबाईनं फोनवरच रडून घेतलं आणि मग शेव-चिवडा आणायला सांगितला.

रचनाताई मात्र म्हणाल्या, "मशीन बिघडलेलं नाही, बाकीच्या पट्ट्या नीट आहेत. मग या तीन कोणाच्या?"

टीना मॅडमना विचारलं. "चेहरा किसने देखा सर? लड़के शरमा रहे थे, गमछा ओढ़ के लेटे। दो-तीन तो एक ही लाल चौकड़ी वाला गमछा ओढ़े थे, मैंने सोचा आपके यहाँ का रिवाज है!"

१३ नोव्हेंबर

तिघांना एकेकटं विचारलं. तिघंही छताकडे बघतात. छताला काही लिहिलेलं नाही, मी पाहिलं.

१५ नोव्हेंबर

भाऊबीज. मी जे तीन दिवसांत काढू शकलो नाही ते नंदाबाईनं ओवाळणीच्या ताटावर काढलं. भूपेंद्रच्या बहिणीनं ताम्हण धरलं, मामीनं मध्येच तिचा हात अडवला — "आधी खरं सांग. मंगच ओवाळू देईन."

"आमी झोपलोच नाही, मामी." मान खाली. "करंटचा भेव. आन् त्या मॅडमपुढे शर्ट... केवळराम म्हणे, कायले घाबरता बे, चिठ्ठ्या आणा इकडं, बदली गडी लावतो. आमी मागच्या दारानं निघालो. छातीवर दोन बोटं घासून लाल केली, का तुमाले वाटलं पाहिजे."

बदली गडी! मैदानात उतरवायचा माणूस यांनी खाटेवर उतरवला! एकच माणूस तीनदा झोपला, तीन नावांनी. रचनाताईंची तीन हृदयं म्हणजे एकच हृदय. एकाचंच, आणि त्याला काही ठाऊक नाही.

"कोण होता तो?"
"केवळरामले माहीत. तो पहाटंच बहिणीकडं गेला, देवरीपल्याड. फोन लागून नाही राहिला."

चुकून हसलोच. ओवाळणी झाली. पण परवा स्पर्धा. देवरीचा तो पठ्ठ्या शिबिराच्या दिवशी इथंच मुक्कामाला होता. तोच असणार! बसस्टँडवर जाऊन देवरीच्या कंडक्टरजवळ निरोप दिला: 'त्याला म्हणावं, पळू नकोस, झोपू नकोस, मला भेट.' कंडक्टर म्हणाला, "गुरुजी, त्यानं तुमचं काही चोरलं का?"

रचनाताईंना कळवलं. वाटलं, हिरमुसतील, अर्जातली तीन पोरं गेली. त्या एवढंच म्हणाल्या, "अर्ज राहू द्या. तो शोधा."

१६ नोव्हेंबर

रचनाताईंनी पाठवलेली नागपूरची गाडी यायची आहे, तेवढ्यात लिहितो.

सकाळी कलाबाई आली. नंदाबाईच्या मनगटासाठी करंजाचं तेल घेऊन. "लावा जी, जाते यानं. आमच्या संघदीपच्या छातीभर असेच उठले होते, लाल, गोल-गोल. कोणी ओळीनं मांडून ठेवल्यावानी. शिबिराच्या सांजीलेच पाह्यलं मी. काही बोलते का लेकाचा! मीच चोळलं, गेले."

संघदीपची पट्टी तर निघालीच नव्हती! चहा तसाच राहिला. अनवाणी धावलो.

संघदीप ओट्यावर झोपला होता. तोंडावर लाल चौकड्यांचा गमछा.

हाक मारली.

पुन्हा मारली.

उठला.