फलाटावरचे सात

प्रिय मेहुणेसाहेब,

सप्रेम नमस्कार. (तुम्ही वयाने लहान, तेव्हा आशीर्वादच लिहिणार होतो, पण परवा आलेल्या सरकारी पत्राखाली तुमची सही पाहिली आणि शिक्क्याला आशीर्वाद कसा द्यायचा ते सुचेना.) आपली प्रकृती उत्तम असेलच, खुर्चीला पाठ टेकून बसणाऱ्यांची सहसा असते. माझे गुडघे कुरकुरत का होईना, चालतात. तुमची ताई लेकीच्या बाळंतपणाला म्हणून तीन महिन्यांसाठी शहरात गेली, त्याला आता अकरा महिने झाले. नातू चालायला लागला, ती काही हलली नाही. बसमध्ये तिला उलट्या होतात आणि वाटेत दोनदा बस बदलावी लागते, तेव्हा 'गाडी सुरू झाली की येते' असे तिने मला फोनवर सांगून ठेवले आहे. म्हणून मी रेल्वे कृती समितीचा अध्यक्ष झालो. गावाला वाटते, गावासाठी झालो.

'पुरेशा मागणीअभावी सेवेचा विस्तार समर्थनीय नाही' हे तुमचे वाक्य मी तीनदा वाचले. शुद्धलेखनाला दहापैकी दहा. शहरातली गाडी आमच्या तीन स्टेशने अलीकडे येऊन माघारी फिरते, पुढच्या रुळांवरून फक्त मालगाड्या जातात, आणि गेल्या वर्षी तुमच्या कचेरीने आमच्या स्टेशनातून रोज किती लोक गाडीत चढतात ते मोजले. उत्तर शून्य आले. दुकानाचे शटर खाली ओढून गिऱ्हाईक मोजण्याची ही पद्धत कोणी शोधली हे कळले तर त्या थोर पुरुषाचा सत्कार करावा म्हणतो. त्या शून्याविरुद्ध मी अकरा अर्ज केले, तेव्हा कुठे तुम्ही उदार होऊन एक दिवस एक गाडी चाचणीसाठी आमच्या फलाटापर्यंत पाठवायचे कबूल केलेत, आणि सोबत माणसे मोजायला एक साहेब.

इथपर्यंत सगळा दोष तुमचा. (इथून पुढचा भाग कचेरीत मोठ्याने वाचू नये.) मी एकतीस वर्षे मुख्याध्यापक होतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. साहेब येणार म्हटले की काय करायचे हे माझ्या अंगात मुरले आहे: आवार झाडून घ्यायचे, कडेने चुन्याची रेघ मारायची आणि गर्दी नजरेआड ठेवायची. ते मी केले. 'फलाटावर विनाकारण कोणीही थांबू नये' ही पाटी माझ्याच अक्षरात आहे. गाडीसाठी त्या सकाळी चारशे बारा माणसे आली (मी हजेरी घेतली), आणि त्या सगळ्यांना मी मालधक्क्याच्या भिंतीमागे दोन-दोनच्या रांगेत, बोलायचे नाही अशी ताकीद देऊन उभे केले. गाडी आली की मी शिट्टी वाजवणार आणि रांग शिस्तीत फाटकातून आत येणार, असा बेत होता.

गाडी आली. मी शिट्टी वाजवली. रांगेत सगळ्यात पुढे आमचा शिंपी, पाठीवर शहरातल्या दुकानात द्यायच्या सोळा कोटांचे गाठोडे. फाटक अरुंद, गाठोडे रुंद. तो पुढे होईना आणि मागच्यांना मागे सरकता येईना. गाठोडे फाटकातून सुटले तेव्हा गाडीचा शेवटचा डबा सिग्नलपाशी पोचला होता. गाडी एकच मिनिट थांबणार हे तुमच्या पत्रात बारीक अक्षरात होते, आणि माझा चष्मा लेकीच्या घरी राहिला आहे. गार्डने मला हात मात्र केला. शिस्त आवडली असावी.

रांगेत एक परिचारिका होती. रोज दोन बस बदलून शहरातल्या इस्पितळात जाते, त्या दिवशी पहिल्यांदा वेळेवर पोचणार होती. ती माझ्यापाशी येऊन म्हणाली, "सर, शाळेची घंटा तुम्ही वाजवायचात. ही गाडी तिच्या वेळेनं निघते." आवाजही चढवला नाही तिने. चढवला असता तर मला बरे वाटले असते.

तुमच्या मोजणाऱ्या साहेबांना फलाटावर सात जण दिसले: मी, समितीचे तिघे, स्टेशनमास्तर, झाडणाऱ्या बाई आणि झोपेत तीन स्टेशने पुढे येऊन उतरलेले एक गृहस्थ, जे हे कोणते गाव म्हणून विचारत होते. शेऱ्यात 'फलाट अतिशय स्वच्छ' असे लिहून ते गेले. खोटे कशाला सांगू, दोन दिवस मी त्या शेऱ्यावर खूश होतो.

तुमचा छापील फॉर्मही मी भरला होता. प्रवासाचा हेतू: नोकरी, शिक्षण, उपचार की इतर? मी 'इतर' पुढे 'पत्नी' लिहिले. आठवड्यातून किती वेळा? 'एकदाच, तेही उलट दिशेने.' तो म्हणे बाद झाला. मागणी फक्त जाणाऱ्यांची असते, वाट पाहणाऱ्यांसाठी तुमच्याकडे रकाना नाही, हे मला आता समजले. घरात सगळे ठीक आहे. चहाला दोन कप काढायची सवय अजून जात नाही, एवढेच.

लहानांना गोड पापा, आणि तुमच्या शिक्क्याला माझा दुरून नमस्कार.

तुमचा भावोजी

ता. क. मोजणी पुन्हा घ्या, ही तर विनंती आहेच; पण खरी विनंती वेगळी. फलाट मी रिकामा केला हे ताईला कळू देऊ नका. लोकच आले नाहीत असे मी तिला सांगितले आहे.

आणखी ता. क. पत्र पाकिटात घालणार तोच तुमची ताई दारात. दोन बस बदलून आली. पायरीवर डोळे मिटून बराच वेळ बसली, मग म्हणाली, "चारशे माणसं भिंतीमागे लपवलीत म्हणे. म्हटलं, आता ह्यांना एकटं ठेवण्यात अर्थ नाही." म्हणजे मोजणाऱ्या साहेबांनी भिंतीमागची रांगही तुमच्या कानावर घातली होती, आणि तुम्ही तिला आधीच सांगून मोकळे झालात. तुमच्या कचेरीतून एवढ्या तातडीने बाहेर पडलेली ही पहिलीच गोष्ट. माझा चष्माही तिने आणला आहे. तरी मागणी मागे घेत नाही, कारण चार दिवसांनी ती नातवाकडे परत जाणार आणि ह्या खेपेला मीही बरोबर जाणार. सातांत मी होतोच. तेवढे आठ करून घ्या.