बासोकाकांचा डबा

लाबुआन बाजो
४ मार्च १९९६

ती. बेनीमामांना सेन्सीचा सा. नमस्कार, वि. वि.

पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देते आहे. टपालाने पाठवलं तर तुमच्या कॉफीला फुलं येऊन जातील तरी पोचायचं नाही.

आईने कळवलं असेल, मी आता बोटीवर लागले आहे. बोट कॅप्टन नासिर यांची. आम्ही पाहुण्यांना बेटांवर नेतो, तिथल्या अजस्र घोरपडी दाखवतो, परत आणतो. म्हणजे बाकीचे दाखवतात. मी स्वयंपाकी बासोकाकांच्या हाताखाली कांदे सोलते आणि पाहुण्यांच्या चादरी बदलते. काका बुगिस आहेत, पिढीजात दर्यावर्दी, वयाने बाबांएवढे, आणि दिवसभर तोंडाचा पट्टा चालू. माझ्यासारखी डोंगरातली मुलगी बोटीवर आली म्हणजे माशांनाच उलटी होईल, असं ते पहिल्या दिवशी म्हणाले. उलटी मलाच झाली. त्यांनी मुकाट्याने आल्याचा चहा करून दिला.

सप्टेंबरात गाइडच्या परवान्याची परीक्षा आहे. परवाना मिळाला तर कांदे सुटतील. पण इंग्रजी शब्द माझ्या डोक्यात राहत नाहीत. डिक्शनरीचं एकेक पान पाठ करते, दुसरं पान सुरू केलं की पहिलं पुसलं जातं. आई म्हणते, तुझा मामा सेमिनरीत इतकी वर्षं लॅटिन शिकला, फादर तर झाला नाहीच, निदान ते लॅटिन भाचीच्या तरी कामी येऊ दे. तिचे शब्द आहेत, माझे नव्हेत.

मामींना नमस्कार. मला विसरू नये, एवढीच विनंती.

तुमची,
विन्सेन्सिया

---

मातालोको
२७ मार्च १९९६

चि. सेन्सीस, अनेक आशीर्वाद.

तुझ्या आईला सांग, फादर झालो असतो तर तिच्या लग्नात डुक्कर कोणी कापलं असतं?

डिक्शनरी बाजूला ठेव. भाताची लोंबी ओळखायला कोणी दाणे मोजत बसत नाही. आपल्या भाषेतही बघ. 'जालान' म्हणजे रस्ता. पुढे-मागे काही चिकटवलं की चालणं झालं, प्रवास झाला, चालणारा झाला. एक शब्द कळला की त्याची पोरंबाळं ओळखीची होतात. इंग्रजीतली निम्मी पोरंबाळं लॅटिनची आहेत.

आपल्या घरापासूनच सुरू करू. माझं नाव बेनेदिक्तुस. 'बेने' म्हणजे चांगलं, 'दिक्त' म्हणजे बोललेलं. ज्याच्याबद्दल चांगलं बोललं जातं तो. तुझी आई सोडून. आता 'डिक्ट' जिथे दिसेल तिथे काहीतरी बोलणं आहे असं समज. डिक्टेशन, सांगितलेलं लिहिणं. डिक्टेटर, जो एकटाच बोलतो. प्रेडिक्ट, आधीच सांगणं. कॉन्ट्राडिक्ट, उलट बोलणं, जो तुमच्या घरातला धंदाच आहे.

तुझं नाव विन्सेन्सिया. त्यात 'विन्स' आहे, जिंकणं. त्याच्या आधी 'इन्' लाव, नंतर 'इबल' लाव. 'इन्' म्हणजे नाही, 'इबल' म्हणजे होण्यासारखं. इन्व्हिन्सिबल, जिला जिंकता येत नाही ती. असं 'इन्' पुष्कळ शब्दांत सापडेल. इन्करेक्ट, बरोबर नव्हे. इन्व्हिजिबल, दिसत नाही ते.

हा अर्धाच धडा झाला. शब्दाचं कूळ कळलं, आता त्याचा शेजार बघायला शिकवायचं आहे. ते पुढच्या पत्रात. सध्या छपरातून पाणी गळतं आहे आणि मामी शिडी धरून उभी आहे.

जीव लावते आहेस तसाच लावत राहा.

तुझा मामा,
बेनेदिक्तुस

---

लाबुआन बाजो
१५ मे १९९६

ती. मामांना सा. नमस्कार, वि. वि.

तुमचं पत्र चादरींच्या कपाटात आतल्या बाजूने चिकटवलं आहे. मला काय झालंय ते कसं सांगू? पूर्वी इंग्रजी म्हणजे अनोळखी माणसांची गर्दी वाटायची. आता त्या गर्दीत कुणाचं नाक ओळखीचं दिसतं, कुणाची चाल. पोर्ट म्हणजे वाहून नेणं, हे मी एकटीने शोधलं. एक्स्पोर्ट, इम्पोर्ट, ट्रान्सपोर्ट. पाहुण्यांच्या पुस्तकात 'पोर्टेबल' दिसला. पूर्वी कधीच पाहिला नव्हता, तरी कळला.

बोटीवर माझं नाव आता बाईसाहेब डिक्शनरी आहे. बासोकाकांनी ठेवलं. त्यांना अक्षरं लागत नाहीत, म्हणून दिसेल तो डबा, बाटली, पाकीट माझ्यासमोर आणतात. दूध आहे की खोबऱ्याचा रस, गोळी डोक्याची की पोटाची. मी वाचते, ते मान हलवतात, आणि मग सगळ्यांना असं सांगतात की जणू त्यांनीच वाचलं. परवा एका जर्मन बाईंना त्यांनी छातीठोकपणे सांगितलं की आमची मुलगी चर्चची भाषा जाणते. कॅप्टन हसले. ते सहसा हसत नाहीत.

दुसरा अर्धा धडा कधी पाठवता? शेजार म्हणजे काय ते कळलं नाही. पण घाई नाही, कुळावरच माझं झकास चाललं आहे.

लोभ आहे तो तसाच राहो.

सेन्सी

---

मातालोको
२० जून १९९६

चि. सेन्सीस, आशीर्वाद.

चार ओळीच लिहितो. कॉफी पिकली आहे, तोडायला माणसं मिळत नाहीत, मामीने मलाही टोपली दिली आहे. गुडघा कुरकुरतो. शेजाराचा धडा तोडणी संपली की सविस्तर लिहीन. तोवर कुळांवर फार विसंबू नकोस, सख्ख्या भावंडांचेही स्वभाव वेगळे असतात.

आईला कळव, मी अजून जिवंत आहे.

मामा

---

रुतेंग
१९ जुलै १९९६

ती. मामांना सा. नमस्कार.

मी आता बोटीवर नाही. रुतेंगला मैत्रिणीकडे आले आहे. इथे चर्चच्या सिस्टरांच्या पाहुणेघरात भांडी घासते. काय झालं ते तुम्हाला माझ्याकडूनच कळलेलं बरं.

एका ऑस्ट्रेलियन पाहुण्याने आपल्या छोट्या होडीला रंग लावला होता. जाताना रंग पुसायच्या द्रवाचा उरलेला पत्र्याचा डबा बोटीवर ठेवून गेला. बासोकाकांना स्टोव्हजवळच्या फळीवरचा तेलकट थर काढायचा होता. त्यांनी डबा माझ्यापुढे धरला आणि विचारलं, बाईसाहेब, याने पुसलं तर चालेल का, की पेट घेईल? त्यावर मोठ्या अक्षरांत एकच शब्द होता. इन्फ्लेमेबल. मी तो तोडला. इन्, म्हणजे नाही. फ्लेम, म्हणजे ज्वाळा. एबल, म्हणजे होण्यासारखं. मी म्हणाले, काका, हे पेटत नाही. त्यांनी विचारलं, नक्की ना? मी म्हणाले, लिहिलंच आहे.

मामा, त्याचा वास मला येत होता. पेट्रोलसारखा. डब्यावर लाल चौकोनात ज्वाळेचं चित्र होतं, अर्धं खरवडलेलं. तो पाहुणा स्वतः डबा नेहमी बोटीच्या पुढच्या टोकाला ओल्या पोत्याखाली ठेवायचा, तेही मी पाहिलं होतं. सगळं दिसत होतं. पण शब्द माझ्या हातात आला होता आणि मला फार आनंद झाला होता.

काकांनी फडकं भिजवून फळी पुसायला घेतली. शेजारी स्टोव्ह पेटलेला होता. फडकं त्यांच्या हातातच पेटलं. त्यांनी ते समुद्रात फेकलं, तोवर बाह्या पेटल्या होत्या. कॅप्टननी चादर टाकली. स्वयंपाकाची जागा आणि वरचं ताडपत्रीचं छप्पर जळलं, बोट वाचली. काकांचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

दवाखान्याच्या दारापर्यंत गेले आणि आत जायचा धीर झाला नाही. मग बसमध्ये बसले.

इंग्रजी सोडलं आहे. तुमच्यावर राग नाही. असता तर बरं झालं असतं, असं वाटतं.

विन्सेन्सिया

---

लाबुआन बाजो
२ ऑगस्ट १९९६

चि. सेन्सीस, आशीर्वाद.

पत्ता बघ. तुझं पत्र मिळालं त्या दिवशी टोपली झाडाखाली ठेवली आणि बस धरली. मामीने सोबत उकडलेला कसावा आणि भरपूर शिव्या दिल्या.

माझी चूक आधी लिहितो. 'इन्'चे लॅटिनमध्ये दोन स्वभाव आहेत. एक 'नाही', दुसरा 'आत'. इन्फ्लेमेबलमधला दुसरा. ज्वाळेत जाणारं, म्हणजे चटकन पेटणारं. हे मला ठाऊक होतं. तुला पहिलाच सांगितला आणि कॉफी तोडायला गेलो. अर्धा धडा देणाऱ्याने तुझ्याकडून पुऱ्या शहाणपणाची अपेक्षा करू नये.

बासोंना भेटलो. ते घरी आले आहेत, हात पट्ट्यांत आहेत, तोंड पूर्ववत आहे. मी ओळख सांगितली तर म्हणाले, तो चर्चच्या भाषेचा मालक तूच का? मी हो म्हणालो. मग त्यांनी माझ्याकडून तो शब्द समजून घेतला, दोनदा. म्हणाले, 'नाही' म्हणायला आणि 'आत' म्हणायला एकच आवाज ठेवणाऱ्या माणसांना डब्यावर लिहूच देऊ नये.

तुझ्यावर ते रागावले आहेत. हातांवरून नव्हे. म्हणाले, विचारलं मी, पुसलं मी, स्टोव्ह माझा, पेटलेला आहे हे मला दिसत होतं. पण दारापर्यंत आलेली पोर आत आली नाही. बायकोने खिडकीतून पाहिलं होतं. तुला घास भरवायला लावायचं, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं म्हणे, आणि मग भाजी अळणी आहे म्हणून बोलायचं.

उरलेला धडा असा. शब्द एकटा असला की त्याच्यावर विश्वास ठेवू नये. तो कोणाशेजारी बसलाय ते बघावं. मागचं वाक्य, पुढचं वाक्य, चित्र, वास, सांगणाऱ्याचा चेहरा. हे सगळं तू पाहिलं होतंस, तुझ्याच पत्रात लिहिलं आहेस. म्हणजे धडा तुला येत होता. त्याला मान द्यायचा असतो, एवढंच कोणी सांगितलं नव्हतं.

मी रविवारपर्यंत इथे आहे. रुतेंगहून सकाळी बस सुटते.

मामा

---

लाबुआन बाजो
२४ सप्टेंबर १९९६

ती. मामांना सा. नमस्कार, वि. वि.

तुम्ही गेल्यानंतर लिहायचं राहून गेलं. बोटीवर आहे. काकांचा डावा हात पुष्कळ सुधारला. उजव्याची बोटं पुरती मिटत नाहीत. पळी धरता येते, सुरी नाही. मासे मी कापते, ते शेजारी बसून मी किती वाईट कापते ते सांगतात. मी त्यांची माफी मागितली तेव्हा त्यांनी विचारलं की कल्ले काढलेस का. पुन्हा मागितली नाही. कधीतरी त्यांचा हात पळीवरून निसटतो आणि ते पटकन दुसऱ्या हाताने धरतात, मी पाहिलं नाही असं समजून. मी पाहत नाही.

कॅप्टननी मला काही न विचारता परत घेतलं. ज्या मुलीमुळे बोट जळता जळता राहिली तिला का घेतलं असेल, ते मला कळलेलं नाही.

परीक्षा झाली. लेखी बरी गेली. तोंडीला परीक्षकांनी नुसता एक शब्द दिला, इन्व्हॅल्युएबल, आणि अर्थ विचारला. व्हॅल्यू म्हणजे किंमत, हे मला येत होतं. 'इन्' कुठलं, ते कळेना. 'नाही' धरलं तर बिनकिमतीचं, टाकाऊ. मी म्हणाले, सर, पूर्ण वाक्य सांगाल का? ते म्हणाले, वाक्य नाही, शब्दच सांगायचा आहे. मी म्हणाले, मग मला सांगता येणार नाही. त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मार्क गेले असणार. अंदाजाने ठोकून द्यायला हवं होतं, असं बाकीची मुलं म्हणाली.

त्याचा अर्थ काय हो?

निकाल पुढच्या महिनाअखेर आहे. मामींच्या शिव्या ऐकून बरेच दिवस झाले, तेवढ्या पाठवाव्यात.

सेन्सी

---

मातालोको
६ ऑक्टोबर १९९६

चि. सेन्सीस, आशीर्वाद.

परीक्षकांनी दिलं नाही ते वाक्य मी देतो. अर्थ तू काढ.

ऑगस्टमध्ये मी बासोंच्या घरी बसलो असताना कॅप्टन आले होते. नवा स्वयंपाकी बघितला आहे, आणि ती मुलगी पुन्हा बोटीवर नको, असं सांगायला. बासो म्हणाले, माझा पगार निम्मा करा, सुरी धरणारा माणूस वेगळा लागेल तर त्या पैशांत तिला ठेवा, पण मी येईन तर तिच्यासकट. कॅप्टन म्हणाले, तिने तुमचे हात जाळले. बासो म्हणाले, तीस वर्षं मी डबे नुसते हलवून ओळखत आलो, मला कोणी वाचून दाखवलं नव्हतं. हे तुला सांगायचं नाही, असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं होतं. तो शब्द मी आज मोडला.

आता वाक्य: बासोंना सेन्सी इन्व्हॅल्युएबल वाटते.

शेजार नीट बघ. निकाल लागेल तो लागेल, कळव. मामीच्या शिव्या वेगळ्या पुडक्यात, कॉफीबरोबर पाठवल्या आहेत. त्यातली निम्मी कॉफी बासोंच्या घरी दे.

तुझा,
बेनीमामा