न पाहिलेल्या मागच्या खोलीबाबत

मी, खाली सही करणारी, वय अठ्ठावीस, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासणारी, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र करते. माझ्यावर दबाव आहे, पण त्याखाली मी लिहीत नाही.

आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात 'सर्व खोल्या पाहून घर घेतले' असे लिहिले होते, ते चूक आहे. चारपैकी तीनच खोल्या पाहिल्या. मागच्या खोलीत मालकाची आई आजारी पडून होती, म्हणून आम्ही चपला हातात घेऊन दारातूनच परतलो. घर तपासायला आणलेले गृहस्थही आत गेले नाहीत. म्हणाले, "ताई, दिसतं तेवढंच मी सांगतो. छत खोलायचं नाही, सामान हलवायचं नाही, आणि झोपलेलं माणूस तर नाहीच नाही." अहवालातही त्यांनी 'मागची खोली पाहता आली नाही' असे लिहिले. घरात पहिली शिकलेली मी, म्हणून तो मीच वाचून दाखवला आणि वर म्हटले, "म्हातारीला कशाला उठवायचं?" आई म्हणाली, "शहाणी गं माझी."

गेल्या महिन्यात त्या खोलीचा पंखा बदलताना शोभेच्या छताला भोक पडले. त्याच्या वर खऱ्या छताची सळई गंजून फुगली आहे आणि सुटलेला गिलावा शोभेच्या छतावर साचला आहे. किती, ते उघडल्याशिवाय कोणी सांगत नाही. आईचा पलंग मी त्याच दिवशी पुढच्या खोलीत आणला.

एक. घर आईला, तिच्यानंतर धाकट्या बहिणीला. अट एकच: ते छत उघडून दाखवल्याशिवाय घर कोणी विकू नये.

दोन. बँकेतली शिल्लक छताच्या दुरुस्तीसाठी. पुरणार नाही, हे मला माहीत आहे.

तीन. भावोजींनी आणलेला पांढऱ्या रंगाचा डबा त्यांना न उघडता परत द्यावा. बहिणीचे यजमान म्हणून त्यांचा मान मी राखते, पण त्यांचे बोलणे इथे लिहून ठेवते.

"रंग मार, वीक आणि मोकळी हो. तुला तरी कुणी सांगितलं होतं?"

"आणि बघायला येणारे वर बघतील त्याचं काय?"

"आईंना तिथे झोपव. आजारी माणसाला कोण उठवतंय?"

भाजी निवडता निवडता आई म्हणाली, "मी झोपते की. दोन तास पडून राहायला माझं काय जातंय?"

"आई, वर काय आहे ठाऊक आहे ना?"

"मग हळू खोकेन."

भावोजी हसले. मला त्या म्हातारीची आठवण झाली. ती खरोखर आजारी होती की नाही, हे मला कधीच कळणार नाही. त्या कुटुंबाला मी माफ केलेले नाही आणि शापही दिलेला नाही.

चार. माझी विजेरी घर तपासणाऱ्या गृहस्थांना द्यावी. त्यांच्याबद्दल तक्रार नाही. त्यांनी खरे तेच लिहिले होते, मीच ते सोयीचे करून वाचले.

पाच. घर पाहायला एक जोडपे रविवारी येणार आहे. बाईंना सातवा महिना आहे. फोनवर त्यांनी एवढेच विचारले, "मागची खोली शांत आहे ना? बाळासाठी हवी आहे." मी 'हो' म्हटले नाही. 'येऊन पाहा' म्हटले.

त्यांच्या आधी छत उघडले पाहिजे. सुतारकाका म्हणतात, टेकू लावले तरी कापताना काय खाली येईल ते सांगता येत नाही, तुम्ही बाहेर थांबा. मी थांबणार नाही. या वेळी स्वतः पाहिल्याशिवाय मी कोणाला काही सांगणार नाही. हे मृत्युपत्र त्यासाठीच. आई त्या वेळी बहिणीकडे असेल. तिला कारण सांगू नये.

साक्षीदार पहिल्या: खालच्या मजल्यावरच्या निवृत्त परिचारिका. (सही)

साक्षीदार दुसरे: सुतारकाका. "कापणाराच साक्षीदार, चालतं का?" असे त्यांनी विचारले. चौकशी केली आहे, चालते. (सही)

मृत्युपत्र करणारी: (सही)

स्थळ: याच घराची पुढची खोली.
दिनांक: सोमवार, ८ जून २०२६.
छत उघडण्याचा दिवस: शनिवार, १३ जून, सकाळी.