शेजारच्या मचाणावरचे हसू

मी, रामाजी लक्ष्मण दोनाडकर, वय एकाहत्तर, एसटीचा निवृत्त वाहतूक नियंत्रक, राहणार ब्रह्मपुरी, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी हृदय तपासून जपून राहायला सांगितले, म्हणून उशीर करत नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. याबाबत पत्नीचे मत वेगळे निघाल्यास ते ग्राह्य धरू नये. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. शेजाऱ्यावर राग आहे, पण रागाला कायद्यात दबाव म्हणत नाहीत, असे मी विचारून घेतले आहे.

कलम एक. माझे स्वकष्टार्जित राहते घर. पूर्वेस रस्ता, पश्चिमेस धानाच्या बांध्या, दक्षिणेस रिकामा प्लॉट, उत्तरेस हार्डवेअरवाले जहीर शेख यांचे घर आणि त्यामागचे मचाण. चतुःसीमेत मचाण लिहीत नाहीत हे मला ठाऊक आहे. पण या घराच्या उत्तरेला आता दुसरे काही दिसतच नाही. हे घर माझ्या पश्चात पत्नी भागीरथा हिला मिळावे, मात्र कलम चारमधील अटीवर.

कलम दोन. बँकेतील ठेव भागीरथा व मुलगी साधना यांना निम्मी निम्मी. साधना सिंदेवाहीला सासरी सुखात आहे. तिने यावरून भांडू नये, आईच्या बाजूने तर अजिबात नाही.

कलम तीन. आमच्या दोन घरांमधील कुंपणावर मी स्वखर्चाने उभे केलेले हिरवे पत्रे. ते का उभे केले, हे माझ्यामागे कोणीतरी वाकडे करून सांगेल, म्हणून इथेच लिहून ठेवतो.

जहीरने मागच्या अंगणात लोखंडी खांबांवर माणसाच्या छातीएवढी उंच लाकडी बैठक बांधली. पावसाळ्यात खाली चिखल होतो, साप निघतात, म्हणून. तिला कठडा, पायऱ्या, वर निळे छत. त्याची बायको शहजादी तिला डेक म्हणते. आमच्या आळीत सगळे मचाण म्हणतात, कारण रानडुकरे हाकायला शेतात बांधतात ते मचाण सर्वांनी पाहिले आहे, डेक कोणी पाहिला नव्हता. त्यावरून आमचे अख्खे अंगण दिसते. मला बनियनवर बसणे मुश्कील झाले. पालिकेची परवानगी घेतली का, असे विचारले तर जहीर म्हणाला, "भाऊ, खोलायची बैठक हाय, दोन पान्यांत निघते. याले कायची परवानगी?"

मी अर्ज केला. "शेजाऱ्याने विनापरवानगी मचाण उभारले असून त्यावरून आमच्यावर नजर ठेवली जाते, जिवाला घोर लागला आहे." मचाणाचा विषय म्हणजे जंगल खाते, असे आपल्या भागात कोणीही समजेल. मीही तेच समजलो आणि अर्ज तिकडे नेऊन दिला. दुसऱ्याच दिवशी वनरक्षक जंगू आत्राम दारात हजर.

"कोनतं जनावर हाय, बाबा? नर का मादी?"

मी म्हणालो, "दोन्ही. रोज चहाच्या वेळेस येतात."

त्याने गंभीर चेहऱ्याने लिहून घेतले. खुलासा झाल्यावर तो मचाणावर गेला, शहजादीच्या हातचा चहा प्याला आणि खांब हलवून पाहून म्हणाला, "मजबूत हाय. आमचंई असं नसते." म्हणजे तक्रार माझी आणि शाबासकी जहीरला!

दुसऱ्या वेळी चूक नको म्हणून तहसीलसमोर अर्ज लिहून देणाऱ्या इतवारी मेश्रामकडे गेलो. मचाण म्हणू नको, डेक लिही, असे बजावले. त्याने सुंदर अक्षरात लिहिले, "शेजाऱ्याने विनापरवाना डेक लावला असून रोज सायंकाळी आम्हांस त्रास होतो." मी सही केली. इतवारीनेच तो योग्य ठिकाणी पोहोचवला. संध्याकाळी हवालदार आला आणि जहीरला म्हणाला, "गाण्याचा आवाज कमी करा." आपल्याकडे वरातीत वाजतो तो डेक! जहीरच्या घरात साधा रेडिओदेखील नाही. त्या संध्याकाळी मचाणावर जे हसू उसळले, ते मला न्हाणीत दार लावून बसलो तरी ऐकू आले.

त्यात भागीरथेचे हसू होते. मी पत्रे लावले ते यासाठी.

आता स्पष्ट लिहितो. मला मचाणाचे काही नाही. त्यांच्या जागी एखादा दोनाडकर असता तरी मी असाच जळलो असतो. शहजादीने कुंपणावरून हाक मारली, "भाभी, चाय पीने आओ," आणि माझी बायको चप्पल न घालता गेली. तेव्हापासून रोज जाते. मला वेगळे बोलावणे आले नाही. भाभीला बोलावले त्यात भाऊ आलाच, असे भागीरथा म्हणते. मी तसे मानत नाही. बसस्थानकावर मी आयुष्यभर माईकवरून प्रत्येक गाडीचे नाव घेऊन प्रवाशांना बोलावले. धानोऱ्याची गाडी पुकारली म्हणजे गडचिरोलीचीही पुकारली, असे कधी झाले नाही.

पत्र्यांमुळे दिसणे बंद झाले, ऐकू येणे नाही. भागीरथा हसते ते ऐकू येते. कशावर हसली, ते येत नाही. आमच्या घरात ती गॅस संपला, पाणी आले, गोळी घेतली का, एवढेच बोलते. इतके हसू तिच्यात होते हे मला शेजाऱ्याच्या अंगणातून कळावे, याने माझा जीव जळतो. ते हसू माझ्या हक्काचे आहे.

कलम चार. म्हणून अट अशी की, माझ्या मृत्यूनंतर भागीरथेने सदर मचाणावर पाऊल ठेवू नये. ठेवल्यास घर साधनाकडे जाईल.

कलम चारबाबत खुलासा. वरील मजकूर लिहीत असताना भागीरथा पाठीमागे उभी राहून वाचत होती, हे मला ठाऊक नव्हते. ती म्हणाली, "देऊन टाका साधनाले घर."

मी विचारले, "आणि तू कुठे राहशील?"

"राहीन कुठीबी. पन तुमी नसल्यावर मी सांजच्याले कोनाशी बोलू? या पत्र्याइशी?"

मी पेन खाली ठेवले. मग जे विचारायचे नव्हते तेच विचारले, "तुम्ही तिथे माझ्यावर हसता का?"

"तं काय! नर का मादी, तं म्हने दोन्ही! शहजादी अजून पोट धरून हासते. तुमच्याच गोष्टी सांगून राह्यली मी तिले. दुसरं हाय काय मायाजवळ सांगाले?"

हे ऐकून मला आधी राग आला, नंतर बरे वाटले. मग पुन्हा राग आला, कारण माझ्या गोष्टी ऐकायला मिळतात त्या शहजादीला. सबब कलम चार मी रद्द करीत आहे. घर बिनशर्त भागीरथेचे. पत्रे साधनाने नेऊन सासरच्या गोठ्यावर घालावेत.

साक्षीला शेजारी हवा होता. दक्षिणेला रिकामा प्लॉट असल्याने जहीरशिवाय इलाज नव्हता. कागद घेऊन गेलो तर तो दारात आला आणि भागीरथा माझ्या शेजारी असताना, तिच्याकडे न बघता म्हणाला, "रामाजीभाऊ, तुमी या वरती." नाव घेऊन म्हणाला. जंगू चहाला आलेलाच होता. सध्या आम्ही सर्व वर बसलो आहोत आणि पुढचे कलम मी इथेच लिहीत आहे. वारा चांगला आहे, हे मी कोणालाही सांगणार नाही.

कलम पाच. समोर भागीरथा शहजादीला काही सांगते आहे आणि दोघी हसत आहेत. हे मी नसतानाही असेच चालेल, हे मला आत्ताच सहन होत नाही. तरी माझी सागवानी आरामखुर्ची माझ्यामागे या मचाणावर भागीरथेच्या शेजारी मांडावी. मालकी भागीरथेची, जागा जहीरने द्यावी. त्याने साक्षीदारांसमोर होकार दिला आहे. त्या खुर्चीवर कोणी बसू नये, जहीरने तर नाहीच नाही. आणि भागीरथेने हसताना तोंड खुर्चीकडे करावे. ही विनंती नसून अट आहे.

हे मृत्युपत्र वाचून, समजून मी त्यावर सर्वांदेखत सही केली. आम्ही दोघा साक्षीदारांनी त्यांना सही करताना पाहिले व त्यांच्यासमोर आमच्या सह्या केल्या. भागीरथा लाभार्थी असल्याने तिची सही घेतलेली नाही.

सही: रामाजी लक्ष्मण दोनाडकर

साक्षीदार:
१. जहीर शेख, शेजारी
२. जंगू आत्राम, वनरक्षक

स्थळ: जहीर शेख यांच्या घरामागील मचाण, ब्रह्मपुरी
दिनांक: १६ नोव्हेंबर २०२५