गाठीची डॉक्टर

पुणे, २० जुलै २००३

द्रौपदाआत्या,

सप्रेम जयभीम. सकाळपासून तिसऱ्यांदा लिहायला बसले आहे. मध्येच उठते, प्रयोगशाळेत फेऱ्या मारते, परत येते.

काल तुझ्या लेकाचा, प्रबुद्धचा फोन आला. तुझी काखेतली गाठ लिंबाएवढी झाली, तरी तुझं एकच, "अमृता येईल तवा बघंल."

एप्रिलात भीमजयंतीला तळेघरला आले तेव्हा तूच माझा हात त्या गाठीवर ठेवलास. "मंचरच्या दवाखान्यात कशाला जाऊ? आपली अमृता गाठीचीच डॉक्टर हाय."

आत्या, मला माणूस तपासता येत नाही. मी प्रोटीनं तपासते. एका पेशीच्या दोन होण्याआधी तिला थांबवणारं एक प्रोटीन असतं. दुसरं एक त्याला असं धरून बसतं, की त्याला काही करताच येत नाही. मग पेशी वाढत सुटतात. त्या पकडीवर मी पाच वर्षं घालवली, पीएचडी मिळाली, म्हणून नावापुढं डॉक्टर.

हे सगळं तेव्हाही डोक्यात होतं. पण वाडीतल्या बाया दारात बसून "डॉक्टरीणबाई" म्हणत होत्या. मला ते लई गोड लागलं. मी नुसतं "बघू" म्हणाले.

हे पत्र तुला प्रबुद्धच वाचून दाखवणार, म्हणून पोस्टात टाकत नाही. उद्या पहिल्या एसटीनं येते आणि तुला दवाखान्यात नेते. तीन महिने तुला घरी धरून ठेवणारी मीच, हे वाटेत बोलवेल का, ठाऊक नाही. पण तिथं कुणी विचारलं, "बरोबर कोण आहे?" तर मी फक्त भाची म्हणेन.

तुझी,
अमृता