बारा नंबरचं पाणी

सर, तुमच्यावर मी अजून चिडलेलो आहे. माणूस गेल्यावर राग निवतो म्हणतात. चार वर्षं झाली, माझा न्हाई निवला.

कुणी सांगितलं होतं तुम्हाला मध्ये पडायला? दुष्काळाचं साल, तलावाच्या तळाशी उरलेलं पाणी आणि आमच्या पाणीवाटप संस्थेचे बारा व्हॉल्व्ह. तुम्ही कॉलेजातले मास्तर. फुकटात व्हॉल्व्ह आपोआप उघडणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड बनवलात आणि लॅपटॉपवरून केबलनं येणारा हुकूम वाचायचा प्रोग्राम मला लिहायला दिलात. मी हवेत! बारा नंबर म्हणजे पाइपलाइनचं शेवटचं टोक, तिथं माझ्या मनातल्या पोरीच्या वडलांची मोसंबीची बाग, आणि तिच्याशीच लग्न करायचं मी मनात पक्कं केलेलं. लॅबमध्ये व्हॉल्व्ह चालवणारे रिले चारच होते, म्हणून चारपर्यंतच तपासलं.

'उघड १२' हा हुकूम एकेक अक्षरानं येतो. माझा प्रोग्राम ओळ संपायची वाटच बघत नव्हता. एक दिसला की एक नंबर उघडून मोकळा, मागून येणारा दोनचा आकडा गेला वाऱ्यावर. दहा, अकरा, बारा, तिन्हींचं पाणी एक नंबरला, म्हणजे संस्थेच्या अध्यक्षांच्या उसाला. टोकाला पाणी नेहमी उशिराच पोचतं, म्हणून पाण्याच्या दोन पाळ्या कुणी बोललंही नाही.

तिसऱ्या पाळीला सगळे पंपघरासमोर. तिचे वडील तुमच्या अंगावर धावून येतात, "कितीला इकला गेलास बे मास्तर? झाडं वाळली की आमची!" आणि तुम्ही शांतपणे, "प्रोग्राम माझा हाय. चूक माझी."

तुमची? ज्यानं एसटीचं भाडंसुद्धा घेतलं न्हाई, तो इकला गेलेला? नंतर स्टँडवर मला म्हणालात, "एंटर येईस्तोवर नुसतं साठवायचं, मग वाचायचं. तीनदा सांगितलं. कावून ऐकलं न्हाईस?" मी म्हणालो, "तुमचं मोठेपण तुमच्यापाशी ठेवा." दुसऱ्या दिवसापासून माझं कॉलेजला येणं बंद. तुम्ही एकट्यानं प्रोग्राम दुरुस्त केलात, बाराला पाणी गेलं, पण तुमच्या माथ्यावरचा डाग गेला न्हाई.

आजही टपरीवर कुणी "अध्यक्षाचा मास्तर" म्हणालं की माझं डोकं फिरतं. एकाची तर कॉलर धरली. पण प्रोग्राम कुणाचा होता, ते सांगत नाही. परवा तिच्या वडलांनी बागेत बोलावून मोसंबी सोलून दिली. म्हणाले, "लई गुणाचं पोरगं हाईस तू." तिचं लग्न अजून ठरलेलं नाही, सर. मी मोसंबी खाल्ली.

हे पत्र खरं तर तिच्या वडलांच्या हातात द्यायला पाहिजे. पाकीट आणलंय. त्यावर त्यांचं नाव घालणं मला जमत नाही.